वितंडवाद नव्हे, बाई!

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एक वाचक बाई विचारतात : ग्रामसभेत एका प्रकल्पाचा सल्लागार वीस मिनिटे ‘बहुआयामी समन्वयातून परिसंस्थेचे सक्षमीकरण’ यावर बोलला. वरचा डोंगर कापला तर खालच्या कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, झरीचे पाणी राहील का, ते काही कळले नाही. याला वितंडवादच म्हणायचे ना?

मुळीच नाही. कुठेही आवाज चढला की ‘वितंडवाद’ हा शब्द फेकायची खोड वर्तमानपत्रांनी लावली आणि कोशांनी ‘निरर्थक वाद’ एवढे लिहून तिच्यावर शिक्का मारला. न्यायसूत्र या तर्कावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत. स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची खोडून काढायची, ती वितंडा. शब्दात ‘तंड्’ म्हणजे मारणे हा धातू आहे. आपण ‘तंडत बसणे’ म्हणतो ते त्यातलेच. माझ्या मते ‘तंटा’ही त्याच घरचा. ‘ड’चा ‘ट’ असा होत नाही म्हणून एक निवृत्त प्राध्यापक माझ्यावर डाफरले. नसेल होत. तंटा कधी नियमाने झालाय?

पण मारायला समोर काहीतरी लागते. वितंडा करणारा निदान तुमच्या विधानावर घाव घालतो, त्यात ते कच्चे की पक्के ते कळते. ‘परिसंस्थेचे सक्षमीकरण’ यावर घाव घालणार कुठे? ते खोटे ठरू शकत नाही, कारण त्यात खरे-खोटे ठरण्याजोगे काही सांगितलेलेच नाही.

त्यासाठी शब्द आहे : अविज्ञातार्थ. वादात हरल्याच्या ज्या 22 खुणा, म्हणजे निग्रहस्थाने, न्यायसूत्राने सांगितली त्यांतली ही एक. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला कळले नाही, तर बोलणारा हरला. ऐकणारा अडाणी ठरत नाही, हे लक्षात घ्या! न्यायसूत्राचा भाष्यकार वात्स्यायन कारणेही देतो : द्व्यर्थी शब्द, अनोळखी प्रयोग, भरभर बोलणे, आणि हे सारे आपले असामर्थ्य झाकायला. शेजारचे निग्रहस्थान ‘अपार्थक’ तर याहून गमतीचे. दहा डाळिंबे, सहा अपूप (मालपुवे), एक कुंड, बकऱ्याचे कातडे : शब्द सगळे खरे, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्या सल्लागाराच्या वाक्यात डाळिंबेसुद्धा नव्हती.

बाई लिहितात, मागच्या बाकावरून एक म्हातारी ओरडली, “उदक उरतलें काय ना, तें सांग!” पाणी उरेल की नाही, ते सांग! सल्लागार हसला आणि पुन्हा समन्वयावर आला. इतिवृत्तात आले : ‘शंकांचे निरसन करण्यात आले.’ पुढच्या सभेत म्हातारीचा प्रश्न तिच्याच शब्दांत तीनदा विचारा. तिन्ही उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यायला लावा आणि ती मोठ्याने वाचून मगच इतिवृत्त मंजूर करा.

राहिले ‘वितंडवाद’ की ‘वितंडावाद’. संस्कृतात ‘वितण्डा’ असली तरी मराठीत ‘वितंडवाद’ रुळला आहे. त्यावर तंडू नका.