ब्रेक दाबल्यावरच कारचे स्टीअरिंग थरथरते. दोष कुठे असावा?

थरथर केवळ ब्रेक दाबल्यावर येत असेल आणि ती स्टीअरिंगमध्ये जाणवत असेल, तर पहिला संशय पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या तबकडीवर घ्यावा. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही, की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडची पकड कमी-जास्त होते आणि तोच धक्का स्टीअरिंगपर्यंत पोहोचतो; यासाठी मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरकही पुरतो, म्हणून नुसत्या नजरेने डिस्क ठीक असल्याचा निर्वाळा न देता मायक्रोमीटरने जाडी आणि डायल गेजने डिस्कची डगमग मोजून घ्यावी. थरथर सीटमध्ये अधिक जाणवत असेल, तर मागचे ब्रेक तपासावेत. नवी डिस्क बसवूनही काही काळाने त्रास परतला, तर बहुधा हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावरचा) गंज साफ न करताच ती बसवलेली असते किंवा चाकाचे नट असमान आवळलेले असतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष याच बाबीकडे होते. मात्र ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल, तर डिस्कवर खर्च करण्यापूर्वी चाकांचे बॅलन्सिंग, टायर आणि सस्पेन्शनचे जोड पाहून घ्यावेत.