दिवसाचं अंतर मागची सीट ठरवते

प्रश्न असा आहे: समुद्रकिनाऱ्याने, दोघांनी एकाच बाईकवर, १५०० किलोमीटर. हाताशी आठ दिवस. बायको आजवर शहराबाहेर कधी मागे बसलेली नाही. रोज किती अंतर धरायचं आणि गाडीची काय तयारी करायची? आतापर्यंतची उत्तरं सगळी चालवणाऱ्यांची आहेत. मी चौदा वर्षं नवऱ्याच्या मागे बसून फिरते आहे, म्हणून मागच्या सीटवरून लिहिते.

१५०० चा हट्ट सोडा. भागाकार केला की दिवसाला १८७ येतात आणि सोपं वाटतं. पण किनाऱ्याचा रस्ता सरळ जात नाही. खाडी आली की तो पूल सापडेपर्यंत आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. वळणं, वस्त्या, चढउतार धरले तर अशा रस्त्यांवर आमची सरासरी ताशी ३५-४० च्या वर कधी गेली नाही. म्हणजे १८७ किलोमीटरला पाच तास निव्वळ सीटवर, तेही रोज. माझं ऐकाल तर १००० धरा, चौथा दिवस पूर्ण मोकळा ठेवा आणि उरलेल्या सात दिवसांत रोज १४०-१५० करा.

हे मी अनुभवातून सांगते. आमच्या पहिल्या मोठ्या फेरीत तिसऱ्या दिवशी आम्ही २६० केले. संध्याकाळी उतरायला पाय टाकला तर डाव्या पायाखाली जमीन लागलीच नाही. बोटं बधिर झाली होती. मी नवऱ्याचा खांदा धरून तशीच उभी राहिले. तो ताजातवाना होता, आणि त्यात त्याची चूक नव्हती. त्याच्या हातात हँडल असतं, खड्डा आधी दिसतो, तो फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, अंग उचलून घेतो. मागे बसणाऱ्याचे गुडघे जास्त दुमडलेले असतात, आणि खड्डा कळतो तेव्हा तो पाठीला बसलेला असतो. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: दर तासाला गाडी थांबणार, मी मागितलं नाही तरी. 'थकलीस का?' असं विचारत बसू नका. नवीन माणूस 'नाही'च म्हणतो. नुसतं थांबा, तिला पाच मिनिटं चालू द्या.

निघण्याआधी खुणा ठरवा. आमच्या अशा आहेत: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे जागा बघून थांब, मांडीवर चापट म्हणजे आत्ताच थांब. चढणं-उतरणं चालवणाऱ्याने मान हलवल्यावरच, कारण तेव्हाच त्याचे दोन्ही पाय जमिनीवर पक्के असतात. वळणावर तिने त्याच्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून बघायचं. अंग आपोआप गाडीबरोबर झुकतं. ब्रेक लागताना एक हात टाकीवर टेकवला आणि दुसऱ्याने मागची दांडी धरली तर हेल्मेटवर हेल्मेट आदळत नाही. इंटरकॉम असेल तर उत्तमच, पण बॅटरी संपली की खुणाच कामाला येतात.

आता वारा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. म्हणून सकाळी बरेचदा शांत असलेला किनारा दुपारी जोर धरतो. उघड्या कड्यावर किंवा खाडीच्या पुलावर हा वारा बाजूने येतो. सगळ्यात अवघड जागा म्हणजे पुलाचं तोंड: आतापर्यंत झाडं किंवा टेकडी आड होती आणि एकदम आडोसा संपतो. तिथे वेग आधीच कमी हवा, हँडलवरची पकड सैल हवी, आणि मागच्याने वाऱ्याविरुद्ध आपणहून झुकायचं नाही. सीटच्या मागे बसवलेला उंच टॉप बॉक्स शिडासारखा वारा धरतो. पहाटे निघा, दोनपर्यंत मुक्कामाला पोचा. तिन्हीसांजेची पाण्यावरची तिरीपही त्यामुळे डोळ्यांत येत नाही. वाऱ्यात घाम लगेच सुकतो, त्यामुळे तहान उशिरा कळते. दर थांब्याला पाणी प्यायचंच.

सामानाचा नियम एवढाच: जड ते खाली आणि पुढे, हलकं ते मागे. दोघांचं मिळून दोन सॅडल बॅगांत मावेल तेवढंच. चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, एकट्याचा आणि दोघांचा. दोघांचा भरा, सकाळी टायर थंड असताना. मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला ताण, वाढवा, नाहीतर मागचा भाग दबतो आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हे सगळं भरलेल्या गाडीवर तपासा, घरी उभ्या रिकाम्या गाडीवर नाही.

आणि मीठ. संध्याकाळी व्हायझरवर बोट फिरवलं तर पांढरी रेघ उमटते. तेच चेनवर, ब्रेकच्या डिस्कवर, वायरींच्या जोडांवर बसलेलं असतं. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी उभी असतानाही गंज चालूच राहतो. रोज मुक्कामी गाडी थोडी निवली की गोड्या पाण्याने धुवा, धार हलकी ठेवा, चेन कोरडी करून ल्यूब (चेनचं वंगण) मारा. ल्यूबचा थेंबसुद्धा डिस्कवर किंवा टायरवर जाता कामा नये. ओल्या वाळूवर गाडी घालण्याचा मोह टाळा. खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की त्रास पुढे कित्येक महिने निघत राहतो. साइड स्टँड मऊ जमिनीत रुतू नये म्हणून त्याखाली ठेवायला एक चपटी पाटी जवळ असू द्या.

खाडी फेरीबोटीने ओलांडणार असाल तर भरतीची वेळ बघून ठेवा. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. बोटीवर चढताना बायकोला उतरवा. ओला लोखंडी पत्रा फार निसरडा असतो. आत गेल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळा.

दिशाही विचारात घ्या. वाहतूक डावीकडून असेल तर समुद्र डाव्या हाताला राहील अशी निवडा, मध्ये दुसरी लेन येत नाही आणि फोटोला थांबताना रस्ता ओलांडावा लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडवर टॉर्कीहून पश्चिमेकडे निघालं की हे जमतं. कॅलिफोर्नियाच्या हायवे १ वर वाहतूक उजवीकडून, म्हणून तिथे उत्तरेकडून दक्षिणेकडे.

निघण्याच्या महिनाभर आधी सगळं सामान लादून, दोघांनी, लागोपाठ दोन दिवस १५० किलोमीटर करून या. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर तिला कुठे दुखलं आणि कितव्या तासाला, ते इथे लिहा. त्यावरून आपण टप्पे आखू.