बी.एस्सी. बायोलॉजीचा कोर्स आतून कसा आहे, हे प्रवेशाआधी कसं ओळखायचं?

तुमच्या मुलीला बायोलॉजी मनापासून आवडतं, नीट द्यायची नाही, आणि पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात बी.एस्सी. लाइफ सायन्सेसला प्रवेश मिळतोय. फी भरपूर आहे, माहितीपत्रक चकचकीत आहे, पण कोर्स खरंच चांगला आहे का, हे तुम्ही विचारलंय.

मी मायक्रोबायोलॉजी शिकले, सहा वर्षं एका कॉलेजात शिकवलं आणि आता एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम करते. तिथे नवीन मुलामुलींच्या मुलाखती माझ्याकडे असतात. या सगळ्यातून माझं मत पक्कं झालंय: प्रॅक्टिकल कसं होतं तेवढं आधी बघा. बाकी चौकशी नंतर.

मुलाखतीत मी उमेदवाराच्या हातात मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडं द्रव मोजून घ्यायचं उपकरण, देते आणि १०० मायक्रोलिटर पाणी घ्यायला सांगते. पिपेटच्या बटणाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून पाणी घ्यायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं. ज्यांनी खरंच काम केलंय त्यांचा अंगठा पहिल्या टप्प्यावर आपोआप थांबतो. बाकीचे पाणी घेतानाच शेवटपर्यंत दाबतात आणि भलतंच माप घेतात. यातल्या कित्येकांची मार्कशीट उत्तम असते. त्यांचा दोष नाही, त्यांना तीन वर्षांत कुणी पिपेट हातात दिलेलीच नसते.

माझंही तसंच झालं होतं. एफ.वाय.ला कांद्याच्या मुळातलं पेशीविभाजन बघायचं प्रॅक्टिकल होतं. आमच्या कॉलेजात एक तयार स्लाइड, एक मायक्रोस्कोप आणि चाळीस मुलांची रांग. अर्ध्या मिनिटात डोकवायचं आणि सीनिअरच्या जर्नलमधून आकृत्या उतरवायच्या. सही मिळायची, गुणही मिळायचे. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा परीक्षानळ्यांच्या तोंडावर कांदे बसवले, खाली पाणी. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटली. मुळांची टोकं सकाळी लवकर कापायची असतात, म्हणून मुलं आपणहून आठला हजर. अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवायचं, कव्हरस्लिप ठेवायची, टिपकागद धरून अंगठ्याने सरळ दाबायचं. अंगठा सरकला की स्लाइड वाया. एका मुलीला पाचव्या स्लाइडमध्ये गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जाताना दिसली. तिने अख्ख्या बॅचला हाका मारून बोलावलं. ती आज संशोधनात आहे. तुमच्या मुलीला ती पाचवी स्लाइड करायला मिळेल का, एवढंच शोधायचं आहे.

ते कागदावरही थोडंफार कळतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि प्रॅक्टिकलचे क्रेडिट मोजा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर सेमिस्टरच्या साधारण १५ आठवड्यांत दर आठवड्याला चार तास हवेत. मग वेळापत्रक मागा. त्यात ते चार तास दिसले नाहीत तर समजून जा. एका बॅचमध्ये किती मुलं आणि किती मायक्रोस्कोप, हेही विचारा. प्रयोगांच्या नावांपुढे ‘डेमॉन्स्ट्रेशन’ हा शब्द वारंवार येत असेल तर ते प्रयोग मुलांना नुसते दाखवले जातात.

पण खरं दिसतं ते लॅबमध्ये. सुट्टीच्या दिवशी किंवा ‘ओपन डे’ला जाऊ नका, तेव्हा सगळंच मांडून ठेवलेलं असतं. चालू सेमिस्टरमध्ये मंगळवार-बुधवारी दुपारी जा. इनक्युबेटरमधल्या, जंतू वाढवायच्या पेट्री प्लेट बघायला मागा. प्लेटच्या बुडाला मार्करने मुलांचे रोल नंबर आणि याच आठवड्याची तारीख लिहिलेली असेल तर छान. ऑटोक्लेव्हजवळ (वाफेच्या दाबाने सामान निर्जंतुक करायचं यंत्र) नोंदवही असते: १२१ अंश, १५ पौंड दाब, किती मिनिटं, कुणाची सही. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची असेल तर तिथे मायक्रोबायोलॉजी फक्त फळ्यावर चालते. डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन काचेमागे नवंकोरं दिसलं तर भारावून जाऊ नका. लॅब अटेंडंटना विचारा, यावर शेवटचं काम कधी झालं. ते सहसा खरं सांगतात.

आता शिक्षक. पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे स्पष्ट विचारा. मी स्वतः तासिका तत्त्वावर होते, म्हणून सांगते, त्या माणसांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. पण ज्यांना फक्त घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, ज्यांना पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नसतं, त्यांनी मुलांचे प्रकल्प दोन-दोन वर्षं सांभाळावेत अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

नॅक या मूल्यांकन संस्थेची श्रेणी आणि एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीतला क्रमांक बघायला हरकत नाही, पण ते संस्थेचं मूल्यमापन असतं, तुमच्या मुलीच्या विभागाचं नव्हे. त्यापेक्षा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ‘स्टार कॉलेज’ योजना त्या कॉलेजाला मिळाली आहे का बघा. ती २००८ पासून आहे आणि पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकल सुधारण्यावर तिचा भर आहे. पुण्यातली काही जुनी अनुदानित कॉलेजं फीच्या मानाने फार चांगलं शिकवतात. फक्त इमारत जुनी दिसते म्हणून ती यादीतून काढू नका.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १७६ क्रेडिट लागतात. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, पण त्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के हवेत, आणि विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शकही हवेत. ते आहेत का, हे आजच विचारा. मायनर, म्हणजे दुय्यम विषय निवडता येत असेल तर तिला केमिस्ट्री घेऊ द्या. बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.ला आणि माझ्यासारख्या लॅबमधल्या नोकरीलाही ती पदोपदी लागते.

तिला संशोधनाचीच ओढ असेल तर पाषाणच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेचाही विचार करा. पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. प्रवेश परीक्षेत बायोलॉजीइतकंच वजन फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताला असतं, त्यामुळे गणित सोडलेल्या मुलांना जड जातं.

विद्यापीठ बघायला जाल तेव्हा विभागप्रमुखांशी तुम्ही बोला, आणि त्या वेळात तिला एकटीला टी.वाय.च्या मुलींकडे पाठवा. तिने कुणाचंही जर्नल मागून चाळावं. सगळ्यांची निरीक्षणं आणि आकडे एकसारखे आहेत की कुठे ‘कॉलनी (प्लेटवर वाढलेले जंतूंचे ठिपके) आल्या नाहीत, पुन्हा केलं’ असं लिहिलंय, ते तिने बघावं. असं लिहिलेलं एक पान जरी सापडलं, तरी मी त्या कॉलेजचा फॉर्म भरेन.