चीनच्या हांगचौ शहरातलं हू छिंग यू थांग हे जुनं औषधांचं दुकान पाहायला वेळ काढावा का?

तुम्ही लिहिलंय की यीवूला मालखरेदीला जाताय, परतीच्या आधी अर्धा दिवस हांगचौत हाताशी आहे, तो या दुकानाला द्यावा की तिथल्या प्रसिद्ध पश्चिम सरोवराला. शिवाय तिथून एखादं औषध घरी आणलं तर चालेल का, असंही विचारलंय.

दुकान आधी पाहा. सरोवर तिथून चालत जाण्याजोगं आहे, ते संध्याकाळी जास्त छान दिसतं.

मी फार्मसी शिकले आणि आठ वर्षं एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात कच्चा माल तपासला. अशोकाची साल म्हणून आलेली पोती उघडावीत आणि आत आसुपालवाची, म्हणजे खोट्या अशोकाची, साल निघावी, हे मी किती वेळा पाहिलं असेल! ती परत पाठवा म्हटलं की खरेदीवाले माझ्यावरच नाराज. म्हणून या दुकानातली एक पाटी मला बाकी सगळ्या वास्तूपेक्षा मोठी वाटते. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

दुकान १८७४ साली हू श्वेयेन या सावकाराने काढलं. हा माणूस सराफी पेढीवर झाडलोट करणारा पोऱ्या म्हणून लागला आणि पुढे स्वतःच्या पेढ्यांचा मालक झाला. त्सो त्सुंगथांग या सेनापतीच्या फौजांसाठी त्याने पैसा आणि रसद उभी केली. बादशाही दरबाराने त्याला अधिकाऱ्याची लाल मण्याची टोपी दिली, व्यापाऱ्याला सहसा न मिळणारा मान. अशा माणसाने औषधांचं दुकान काढलं आणि चार वर्षांनी, १८७८ मध्ये, स्वतःच्या शब्दांत एक पाटी लिहून आत लावली. दोन मोठी अक्षरं: 'च्ये छी', फसवणूक वर्ज्य. खाली बारीक अक्षरांत मजकूर आहे. त्याचा आशय असा: कुठल्याच धंद्यात फसवणुकीला जागा नाही, पण औषधाचा धंदा जिवाशी जोडलेला, तिथे तर मुळीच नाही. खरेदी अस्सल मालाचीच करा, घडवणं काटेकोर करा.

आता जागा पाहा. दुकानातल्या बाकी पाट्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून आहेत. ही एकच आतल्या बाजूला, कारभाऱ्यांकडे तोंड करून टांगलेली आहे. गिऱ्हाईक काउंटरसमोर उभं राहिलं तर त्याला ती दिसतच नाही. आमच्याकडे 'शुद्धतेची हमी' डब्यावर छापतात, ती विकत घेणाऱ्याने वाचायची असते. हू श्वेयेनची पाटी पुड्या बांधणाऱ्याने रोज मान वर केली की वाचायची. मी तिच्याखाली बराच वेळ उभी होते आणि डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

समोरच्या बाजूला दुसरी पाटी आहे, चार अक्षरांची. उजवीकडून वाचली तर 'माल खरा, भाव दोन नाहीत', आणि डावीकडून वाचली तर 'भाव दोन असतील तर माल खरा नाही' असा अर्थ निघतो. बरोबर कुणी चिनी वाचणारं असेल तर दोन्हीकडून वाचून घ्या.

दुकान वूशान टेकडीच्या पायथ्याशी, हफांग रस्त्याला लागून असलेल्या ताचिंग गल्लीत आहे. मेट्रोच्या एक नंबरच्या मार्गावर तिंगआन रोडला उतरून चालत गेलात तरी चालेल. पांढरी उंच भिंत आणि तिच्यावर माणसाहून कितीतरी उंच काळी अक्षरं दिसली की पोहोचलात. इमारतीचा आराखडा सारस पक्ष्यासारखा आहे असं सांगतात. ते जमिनीवरून कळत नाही, पण लांब बोळातून आत जाताना भिंतीवर औषधांची नावं आणि गुण कोरलेल्या लाकडी पाट्या दिसतात, तो भाग सारसाची मान. तिथे घाई करू नका.

विक्रीच्या दालनाला तिकीट नाही, मागच्या संग्रहालयाला आहे. संग्रहालय १९९१ पासून आहे. त्यात बघायची वस्तू एकच सांगते: चांदीची कढई आणि सोन्याचं उलथणं. कढई १८३५ ग्रॅम, उलथणं १३३ ग्रॅम. 'त्स-श्वे', म्हणजे जांभळा बर्फ, नावाचं तापावरचं औषध लोखंडी-तांब्याच्या भांड्यात नीट उतरेना, तेव्हा एका जुन्या जाणत्याने सोन्याचांदीची भांडी सुचवली आणि हूने ती घडवून घेतली, अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी विचार पक्का आहे. सोनं सहसा कशाशी संयोग पावत नाही. औषध ढवळताना उलथण्याचा अंश त्यात उतरू नये, एवढीच त्यामागची काळजी. त्या औषधात हिंगूळ असतो, म्हणजे पाऱ्याचं खनिज, हेही लक्षात ठेवा.

विक्रीच्या काउंटरमागे शेकडो खणांचं लाकडी कपाट आहे. माणूस चिठ्ठी वाचतो, खण ओढतो, हातातल्या छोट्या दांडीच्या काट्यावर तोलतो आणि कागदावर प्रत्येक जिन्नस वेगळा मांडतो. एकावर एक टाकत नाही, कारण दुसऱ्याने येऊन चिठ्ठीशी ताडून पाहायचं असतं. हे पाहताना मला पुण्याच्या रविवार पेठेतली काष्ठौषधींची दुकानं आठवली. जिन्नसही किती तरी आपलेच! जेष्ठमध, सुंठ, दालचिनी, सुपारी. हिरड्याला जुन्या चिनी ग्रंथांत 'हलीले' म्हटलंय, ते 'हरीतकी'वरूनच गेलेलं नाव. आणि टाकळा! पावसाळ्यात आपण ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतो, त्याचं बी तिथे डोळ्यांसाठी म्हणून भाजून, उकळून पितात.

हू श्वेयेन पुढे रेशमाच्या सट्ट्यात बुडाला. १८८३ मध्ये पेढ्या कोसळल्या, १८८५ मध्ये तो गेला. दुकान एका मांचू अधिकाऱ्याकडे गेलं, पण नावात 'हू' राहिलं आणि पाटीही राहिली.

आता औषध आणण्याबद्दल. गंभीर दुखण्यासाठी तिथून काही आणू नका आणि स्वतःच्या मनाने काही घेऊ नका. तुम्ही रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असाल तर मुळीच नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये बारीक होण्याच्या गोळ्यांत 'फांगची' या चिनी औषधी मुळीच्या जागी नावात साम्य असलेली दुसरीच मुळी गेली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. नावाची गल्लत एवढी महाग पडू शकते. शिंग, हाड, खवले, कस्तुरी असं प्राण्याचं काहीही बॅगेत नको, वन्यजीव कायद्यात अडकाल.

आणायचंच असेल तर हांगचौ भागातली पांढरी शेवंती आणा. वाळवलेली फुलं गरम पाण्यात टाकून पितात. शेवंतीची ॲलर्जी नसेल तर हरकत नाही. मी दोन पाकिटं आणली होती. पैसे देण्यासाठी अलीपे हे तिथलं ॲप आधीच फोनवर सुरू करून ठेवा आणि दुकानात शक्यतो सकाळी जा. दुपारनंतर पर्यटकांचे गट येतात, मग पाटीखाली उभं राहायला जागा मिळत नाही.