पीआर खरा की रेटिंग खरं?

प्रश्न: मित्राशी बॅकगॅमनच्या 100 मॅच खेळून झाल्या, त्यातल्या 55 मी जिंकल्या. तो म्हणतो फाशांची कृपा, मी म्हणतो मीच भारी. रेटिंगही माझंच जास्त आहे. मग कौशल्य मोजायचं तरी कशावर?

उत्तर: मित्र चिडवतोय खरा पण बोलतोय बरोबर. अगदी तोडीस तोड दोघं 100 मॅच खेळले तरी त्यातला ठरवलेला एक जण 55 किंवा जास्त मॅच जिंकायची शक्यता 18 टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे नाणं उडवत बसलात तरी एवढं होऊन जातं.

रेटिंगचंही शेवटी हारजीतवरच चालतं. 1992 साली सुरू झालेल्या फिब्स या ऑनलाइन बॅकगॅमन सर्व्हरचं सूत्र घ्या, त्यात दोघांत 100 चा फरक असेल तर एक पॉइंटच्या मॅचला (एक पॉइंट झाला की संपणाऱ्या) वरचा जिंकायची शक्यता जेमतेम 53 टक्के, 25 पॉइंटच्या मॅचला 64. एवढ्या फरकालाही छोट्या मॅचमध्ये दानच बोलतं, त्यामुळे चार दिवस चांगली दानं पडली की रेटिंग वर, पडली नाहीत की खाली.

म्हणून मी पीआर बघतो, म्हणजे परफॉर्मन्स रेटिंग, तुमच्या निर्णयांतल्या चुकांचं माप. मॅचची फाइल एक्सजी (एक्स्ट्रीम गॅमन) या बॉटला, म्हणजे बॅकगॅमन खेळणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायची, तो प्रत्येक निर्णयात तुम्ही किती इक्विटी (त्या स्थितीतून सरासरी मिळणारे पॉइंट) घालवलीत ते काढतो, सक्तीच्या चाली सोडून सरासरी घेतो आणि 500 ने गुणतो. 40 निर्णयांत 0.48 गेली तर सरासरी 0.012, पीआर 6. जितका कमी तितका चांगला, 5 च्या खाली सातत्याने खेळणारा माणूस कुठेही तगडाच. दान कसं पडलं याच्याशी घेणंदेणं नाही, दान पडल्यावर तुम्ही काय केलंत तेवढंच.

पण पीआरलाही डोक्यावर घेऊ नका. समोरचा गुंतागुंत करणारा असला की तुमचा पीआर बिघडतो, सरळ रेस (सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्या, आता फक्त पळायचं) लागली की आपोआप सुधारतो. आणि समोरचा डबल (गेमची किंमत दुप्पट करायची ऑफर) बघून घाबरतो हे माहीत असताना तुम्ही मुद्दाम लवकर डबल दिलंत, त्याने पास केलं म्हणजे गेम सोडला, तर पॉइंट तुमच्या खिशात पण बॉटच्या वहीत ती तुमची चूक!

इथे नशीब वजा केलेला निकाल कामाला येतो. समजा तुमची मारलेली सोंगटी बारवर (पटाच्या मधल्या पट्टीवर) आहे, समोरच्याने आत येण्याच्या सहापैकी पाच घरं बंद केलीत, आत यायला 36 पैकी फक्त 11 दानं, आणि नेमकं त्यातलंच एक पडलं. 36 दानांच्या सरासरीपेक्षा त्या दानाने तुमची स्थिती जेवढी सुधारली ते तुमचं नशीब. अशी सगळी बेरीज खऱ्या निकालातून वजा करायची. यात घाबरवून मिळवलेला पॉइंट तुमच्याच खात्यात राहतो. तुमच्या 100 मॅचच्या फाइली असतील तर दोन्ही आकडे काढा, मित्राशी भांडण त्यानंतर.

प्रश्न: काल पीआर 3 आला, आज थेट 11. बॉट गंडलाय का?

उत्तर: बॉट ठीक आहे हो, मॅच छोटी आहे. पैशांच्या गेमचं उदाहरण सांगतो. समोरच्याच्या दोनच सोंगट्या उरल्यात, एक 4 च्या घरात, एक 1 च्या, तुमची एकच आहे, आणि त्याने डबल दिलं. 36 पैकी 7 दानांवरच त्याच्या दोन्ही सोंगट्या बाहेर निघत नाहीत, म्हणजे तुमची शक्यता 19 टक्के, डबल घ्यायला, म्हणजे स्वीकारायला, 25 तरी हवेत. तुम्ही हट्टाने घेतलंत की 0.22 गेली, 40 निर्णयांच्या मॅचमध्ये या एका चुकीने पीआर पावणेतीनच्या आसपास वर जातो. अशा तीन झाल्या की झालं 3 चं 11. एकेका मॅचचा पीआर बघणं सोडा, निदान हजारभर निर्णय जमले की मग सरासरी काढा आणि क्यूबच्या (डबल देण्याघेण्याच्या) चुका वेगळ्या काढून बघा, माझा अंदाज आहे की गळती तिथेच सापडेल.