घाई करू नकोस: मितोमा प्रो झाला तोच 22व्या वर्षी

भावा, पुण्यातली ऑफर सोडून येत्या सप्टेंबरला थेट इंग्लंडला एमएस्सीला यावं, की दोन वर्षं नोकरी करून मग यावं, असं तू विचारलंस. "उशीर होईल" हे मात्र त्यात तीनदा लिहिलंस. तू कोल्हापूरचा, पेठेच्या फुटबॉल टीमकडून विंगला खेळलेला. मी ब्रायटनमध्ये राहतो. म्हणून ब्रायटन क्लबच्या जपानी विंगरचं, काओरू मितोमाचंच सांगतो.

मितोमा लहानपणापासून जपानच्या कावासाकी फ्रोंताले क्लबच्या अकादमीत वाढला. शाळा संपताना क्लबने त्याला सीनियर टीममध्ये घ्यायची तयारी दाखवली आणि तो नाही म्हणाला! आपण अजून तयार नाही, असं त्याचं मत होतं. तो त्सुकुबा विद्यापीठात गेला, चार वर्षं शिकला आणि प्रबंध लिहिला तोही ड्रिब्लिंगवर, म्हणजे बॉल पायाशी ठेवून पुढे नेण्यावर. खेळाडूंच्या डोक्याला कॅमेरे बांधून, कोण नेमकं कुठे बघतं हे त्याने तपासलं. ज्यांचं ड्रिब्लिंग चांगलं, त्यांची नजर बॉलवर नसते, समोरच्या डिफेंडरवर असते. आज तो डिफेंडरचा तोल एका बाजूला गेला की दुसऱ्या बाजूने निसटतो ना, त्यामागे हा अभ्यास आहे. मला त्याच्या सगळ्या गोलांपेक्षा ही चार वर्षं मोठी वाटतात.

2020 मध्ये तो फ्रोंतालेकडे परतला आणि पहिल्याच लीग सीझनमध्ये 13 गोल केले. टीम चॅम्पियन झाली. 2021 मध्ये ब्रायटनने त्याला घेतलं, पण इंग्लंडचं वर्क परमिट मिळेना. मग वर्षभर बेल्जियमच्या युनियन सेंट-जिलवाजकडे लोनवर, म्हणजे उसना खेळायला. नुकतीच वरच्या डिव्हिजनला आलेली टीम, पण त्या वर्षी लीगमध्ये दुसरी आली. इंग्लंडच्या सर्वात वरच्या प्रीमियर लीगमध्ये तो पहिल्यांदा उतरला तेव्हा 25 वर्षांचा होता. त्या सीझनला 7 गोल, ब्रायटन सहावं आणि क्लबला पहिल्यांदाच युरोपियन क्लब स्पर्धेचं तिकीट. त्याच वर्षी कतारच्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनविरुद्ध जवळजवळ रेषेबाहेर गेलेला बॉल त्यानेच आत ओढला आणि जपानच्याच तानाकाने गोल केला.

आता तुझं. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना मास्टर्सनंतर इथे राहून काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचाच मिळणार आहे. एवढ्यात पुढचा वर्क व्हिसा स्पॉन्सर करणारी कंपनी गाठायची आणि पगाराची अटही पूर्ण करायची. अनुभव नसलेल्या पोराला हे फार जड जातं. मी कोऱ्या सीव्हीने आलो होतो. दीड वर्ष गोदामात खोकी उचलली, त्यातले सहा महिने घरी खोटं सांगत होतो की ऑफिसात आहे. तुझ्यावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

म्हणून पुण्याची ऑफर घे. तिथे नुसते दिवस ढकलू नकोस, एखादं काम असं धर की इथल्या इंटरव्ह्यूत त्यावर अर्धा तास बोलता येईल. मधे जर्मनी किंवा नेदरलँड्सला कंपनीतर्फे जायची संधी आली तर तीही सोडू नकोस, लोनवर गेलास असं समज.

ऑफर लेटर आणि कॉलेजची फी दोन्ही मला पाठव. रविवारी फोनवर बसून कर्जाचा हप्ता मांडू. काकांनाही सोबत बसव.