स्नायूंची यादी पाठ करण्याआधी

वाचा-उपचार (स्पीच थेरपी) शिकताना स्वरयंत्राच्या स्नायूंची नावे तोंडपाठ करण्याची घाई करू नका; आधी प्रत्येक स्नायू कोणत्या कूर्चेला (हाडापेक्षा मऊ, लवचीक भागाला) कोणत्या दिशेने ओढतो, हे स्वतः चित्र काढून समजून घ्या. स्वरतंतू एकमेकांजवळ आणणारे स्नायू अनेक आहेत, पण त्यांना दूर नेऊन श्वासाची वाट उघडणारा एकच, तो म्हणजे पोस्टेरिअर क्रिकोॲरिटेनॉइड. हे एकदा उमगले की, दोन्ही स्वरतंतू मध्याजवळ अडकलेल्या रुग्णाचा आवाज बऱ्यापैकी असूनही त्याला धाप का लागते, याचा उलगडा होतो. स्वरयंत्राच्या बहुतेक स्नायूंना चालवणाऱ्या नसांपैकी डावी, म्हणजे डावी रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह, छातीतील महाधमनीच्या कमानीखालून वळून वर येते, म्हणून घोगरेपणाचे मूळ कधीकधी छातीत सापडते.

मृदू टाळूचे, म्हणजे टाळूच्या मागच्या मऊ भागाचे, काम मात्र पुस्तकापेक्षा आरशात चांगले कळते. थंड आरसा नाकपुड्यांखाली धरून आधी 'पापा' आणि मग 'मामा' म्हणा. दुसऱ्या वेळी काच धुरकट होते, कारण 'म' उच्चारताना टाळू खाली येतो आणि हवा नाकातून बाहेर पडते. मी हा प्रयोग परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात स्टीलच्या ताटलीवर केला होता, आणि तोही व्यवस्थित जमला.

इंग्रजी पुस्तकांतील उदाहरणांवर थांबू नका, कारण तुमच्यासमोर येणारे मूल मराठी बोलणार आहे. 'चाक' आणि 'चार' यांतील 'च' उच्चारताना जीभ कोठे टेकते, 'काल' म्हणताना दातांमागे असलेले तिचे टोक 'काळ' म्हणताना कसे मागे वळते, हे आधी स्वतःच्या तोंडात सावकाश तपासा.